रोज काय सुचावं? रहस्यकथा लिहिणाऱ्याची वही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहता, बँकेत नोकरी करता, रोज पहाटेचा एक तास रहस्यकथेसाठी राखून ठेवलाय. पहिला आठवडा उत्साहात जातो, मग समोर कोरा कागद. गुन्ह्यांच्या बातम्यांची कात्रणं वर्षभर जमवताय, फाइल फुगली, पण तिच्यातून एकही कथा उभी राहिली नाही. रोज प्रेरणा मिळत राहावी म्हणून काय करावं?

फाइल फुगलीय म्हणजे माल भरपूर आहे. अडचण मालाच्या जातीत आहे. गुन्ह्याची बातमी हे तयार उत्तर असतं. 'मालमत्तेच्या वादातून पुतण्याने केला काकाचा खून' या एका मथळ्यात कोणी, कोणाला आणि कशासाठी, तिन्ही संपलं. रहस्यकथा त्याच्या बऱ्याच आधी सुरू होते, काहीतरी जुळत नाहीये एवढंच दिसतं आणि का जुळत नाही हे अजून कोणी विचारलेलंही नसतं, तिथे. बातमीवरून उलट्या पावली तिथवर जाता येतं, पण एकदा वाचलेलं उत्तर डोक्यातून जात नाही, आणि मग तुम्ही पुतण्याचीच कथा पुन्हा लिहायला बसता. म्हणून बातम्या कापणं थांबवा. त्याऐवजी रोज एक न जुळणारी गोष्ट टिपा. रक्त, चाकू, किंकाळी काही नको. जितकी क्षुल्लक, तितकी कामाची.

पुढचं सगळं तुम्ही काय लिहिताय त्यावर थोडं अवलंबून आहे. चार-पाच हजार शब्दांची कथा, शेवट आधी ठरवून, असं मी धरून चालतो. कादंबरी असेल तर वहीची पद्धत हीच राहते, फक्त एका विसंगतीवर अडीचशे पानं निघत नाहीत, दुय्यम पात्रांनाही स्वतःची लपवाछपवी द्यावी लागते. आणि तुम्ही लिहिता लिहिता शेवट शोधणाऱ्यांपैकी असाल, तर पहिला खर्डा हाच तुमचा आराखडा समजा. धागेदोरे दुसऱ्या खर्ड्यात पेरायचे. तसंही चालतं, वेळ मात्र दुप्पट जातो.

आता वही. एका नोंदीला चारच ओळी. पहिली ओळ, काय दिसलं. दुसरी, तिथे खरं म्हणजे काय असायला हवं होतं. तिसरी, हे आणखी कोणाला ठाऊक असू शकतं. चौथी, हे उघड झालं तर कोणाचं काय जाईल. पहिल्या दोन ओळी बघता क्षणी लिहायच्या, फोनमध्ये लिहिल्या तरी हरकत नाही. उरलेल्या दोन रात्री, दहा मिनिटं काढून. पहाटेच्या तासात निरीक्षणं आठवत बसायचं नाही, तो तास लिहिण्याचा. तुमचा कोरा कागद बहुतेक इथूनच येतो. शोधणं आणि लिहिणं ही दोन्ही कामं तुम्ही एकाच तासात कोंबताय, आणि पहाटे साडेपाचला दोन्ही होत नाहीत.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या तीन ओळींतून कुतूहल निर्माण होतं. चौथीतून पात्र मिळतं, कारण ज्याचं काहीतरी जाणार असतं तो ते वाचवायला हालचाल करतो, आणि ती हालचाल म्हणजेच कथानक. तीन आठवडे झाले तरी चौथी ओळ रिकामी असेल तर नोंदीवर काट मारा. न मारलेल्या नोंदींनी भरलेली वही तुमच्या कात्रणांच्या फाइलीसारखीच निरुपयोगी होते.

कुठे बघायचं? वर्तमानपत्रच हवं असेल तर मागची पानं उघडा. 'जाहीर नोटीस' या मथळ्याखाली रोज चार-सहा चौकटी असतात आणि त्या वाचणारे बहुतेक वकील असतात. जागा विकत घेणाऱ्याचा वकील नोटीस देतो. पेठ, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मालकांची नावं, आणि 'सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास १४ दिवसांच्या आत मूळ कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल'. मुदत कधी ७ दिवसांची, कधी १५. कधी 'मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे' अशीही नोटीस असते. रहस्यकथेला लागणारं सगळं या चौकटीत आहे: मालमत्ता, मुदत, आणि गप्प बसला तर नुकसान होणारा एक अनोळखी माणूस.

एक नोंद पुरी करून दाखवतो. पहिली ओळ: नारायण पेठेतल्या वाड्याच्या विक्रीची नोटीस एका कमी खपाच्या पेपरात आली, तीत धाकटा मुलगा 'एकमेव वारस'. दुसरी: त्या घरात पन्नास वर्षं दुसराच पेपर येतो, आणि वाड्याच्या मालकीण आजींना एक मुलगीही होती, सांगलीला दिलेली. तिसरी: नोटीस देणारा वकील, धाकटा मुलगा, आणि कदाचित वाड्यातला एखादा जुना भाडेकरू. चौथी: मुलीनं नोटीस वेळेत वाचली असती तर व्यवहार थांबला असता, मुलाचं तर जातंच, पण नव्या इमारतीत जागा मिळेल या आशेवर बसलेल्या भाडेकरूचंही जातं.

या चौथ्या ओळीत दोन संशयित आपोआप मिळाले, आणि दुसरा पहिल्यापेक्षा रंजक आहे. वाचक वारसावर नजर ठेवतो, भाडेकरूकडे त्याचं लक्ष नसतं. आता पुरावा. भाडेकरू म्हणतो, नोटिशीचं मला काही माहीत नाही, मी तो पेपर घेत नाही. त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेला कागद मात्र त्याच पेपराचा, त्याच तारखेचा, आणि चौकटीच्या जागी कापलेला. फळीवर पेपर अंथरणं मराठी घरात इतकं नेहमीचं आहे की वाचक तो कागद पाहूनही पाहत नाही. पुराव्याला हाच गुण लागतो. यात खून झालाच पाहिजे असं नाही, बरं का. चार हजार शब्दांत खून, तपास, अटक कोंबण्यापेक्षा गहाळ झालेलं खरेदीखत जास्त पेलतं.

दुसरी जागा तुमचं स्वतःचं टेबल. बँकेतल्या माणसानं विषय शोधायला बाहेर जावं याचं मला नवल वाटतं. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येतात. समोरच्याच इमारतीत राहणारे आजोबा दरवर्षी स्वतः येतात, रांगेत भांडतात, यंदा मात्र दाखला घरून, डिजिटल आला. असेल गुडघेदुखी. नसेल तर? लॉकरच्या नोंदवहीत येण्या-जाण्याच्या वेळा आणि सह्या असतात. सात वर्षं न उघडलेला लॉकर एका आठवड्यात तीनदा उघडला जातो. ठेवीवर नामनिर्देशन भाचीचं, आणि घरातल्यांना वाटतं की पैसे भाचीचेच झाले. कायद्यानं नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीनं रक्कम स्वीकारते, मालक होत नाही. हा गैरसमज अर्ध्या महाराष्ट्रात आहे, आणि गैरसमजातून केलेला गुन्हा कथेत फार चांगला चालतो, कारण गुन्हेगाराला शेवटी काहीच मिळणार नसतं. एक पथ्य मात्र पाळा. खातेदाराची माहिती जशीच्या तशी उचलू नका. वय, स्त्री-पुरुष, पेठ, साल, रक्कम यांपैकी निदान तीन गोष्टी बदला. गोपनीयता तर पाळली जातेच, शिवाय बदलताना नवं काही सुचतं.

तिसरी जागा जुना बाजार. रविवारी किंवा बुधवारी जा आणि फक्त भांडी बघा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात: कोणी, कोणाला, कशानिमित्त, तारीख. पितळी पातेल्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहप्रीत्यर्थ, मामांकडून, १२-५-६८' हा तारखेसह कोरलेला दस्तऐवज आहे आणि तो कोणी पुरावा म्हणून जपलेला नसतो. म्हणूनच तो नष्ट करायचं गुन्हेगाराला सुचत नाही. घरातले सांगतात की मावशी आयुष्यभर अविवाहित होती. माळ्यावरच्या पातेल्यावर तिच्या लग्नाची तारीख आहे. इथून पुढे तुम्हाला कोणी प्रेरणा द्यायला नको.

हाच विचार कागदपत्रांना लावा आणि वहीच्या शेवटच्या पानावर वस्तूंची सनावळी तयार करा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, तेव्हा 'नये पैसे' म्हणत, १९६४ पासून नुसते 'पैसे'. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. त्यामुळे १९६९ च्या तारखेच्या पत्राच्या छापील मथळ्यावर 'सदाशिव पेठ, पुणे ४११०३०' असेल तर ते पत्र नंतर बनवलंय. रुपयाचं ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, म्हणजे २००८ च्या टंकलिखित मृत्युपत्रात ते असूच शकत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकाचा कागदही लागत नाही. साध्या कागदावर लिहिता येतं, म्हणून बनावट करणाऱ्याला सोपं वाटतं आणि तो अशाच बारीक जागी सापडतो. अशा वीस तारखा जमवल्या की वर्षभराच्या कथांचे पुरावे झाले. फक्त कथेत ती गोष्ट पत्त्याचा, बिलाचा, सजावटीचा भाग म्हणून यावी. 'त्याने पिनकोडकडे पाहिले' असं वाक्य लिहिलंत तर संपलं.

आता पुणे शहराबद्दल, कारण स्थळ पुणं म्हटलं की बहुतेकांच्या कथेत शनिवारवाड्याचं भुयार आणि तिरसट आजोबा येतात. दुपारी एक ते चारचा विनोद आला की पुण्याबाहेरचा वाचक हसतो आणि पुण्यातला पान उलटतो. रहस्यकथाकाराला शहर लागतं ते वेळापत्रकासाठी. पाणी कधी येतं, रस्ता कधी बंद असतो, कोण कुठे किती वाजता असलाच पाहिजे, यावरच साक्ष उभी राहते किंवा पडते.

भिडे पुलाचं घ्या. डेक्कन आणि नारायण पेठ जोडणारा हा बुटका पूल खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ताही बंद होतो. पात्र म्हणतं, 'साडेआठला डेक्कनवरून निघालो, पाच मिनिटांत घरी.' त्या रात्री पूल बंद होता, म्हणजे तो खोटं बोलतोय. झकास पुरावा, पण दोन अडचणी. पुण्यातला वाचक 'भिडे पूल' आणि 'पाऊस' एका पानावर दिसले की तिथेच ओळखतो, आणि नागपूरच्या वाचकाला शेवटी सांगितलं तरी पटत नाही, कारण पूल बुडतो हे त्याला आधी सांगितलेलंच नसतं. तोडगा असा की पूल बुडण्याचा उल्लेख पहिल्या दोन पानांत वेगळ्याच कारणासाठी करायचा. कामवाल्या मावशींना उशीर झाला, त्या म्हणाल्या, पुलावर पाणी आलंय, वळसा पडला. साक्षीत मात्र पुलाचं नाव घ्यायचं नाही, फक्त 'पाच मिनिटांत' हे शब्द ठेवायचे. आणि साल तपासा. २०२५ मध्ये मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी हाच पूल पावसाशिवायही बंद ठेवला होता.

तसंच गुरुवारचं पाणी. महापालिका देखभालीसाठी पाणी बंद ठेवते ते बऱ्याचदा गुरुवारी. 'नळ वाहत होता म्हणून बेल ऐकू आली नाही' ही गुरुवारची साक्ष खोटी ठरू शकते, पण थेट नळ असलेल्या जुन्या वाड्यात. सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते, तिथे हा पुरावा गळून पडतो, आणि वाचक हे तुमच्या आधी ओळखतो. आषाढी वारीच्या वेळी दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. त्या दिवसांत पेठेत अनोळखी माणूस दिसला तर कोणी प्रश्न विचारत नाही. अनंत चतुर्दशीला ढोलाच्या आवाजात गोळीचा आवाज बुडवणं आता जुनं झालं. त्यापेक्षा मिरवणुकीच्या मार्गावर वाहनं बंद असतात हे वापरा, 'गाडीनं आलो' म्हणणारा पकडता येतो. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनवर साक्ष उभी करणार असाल तर त्या सालचं वेळापत्रक शोधा, गाड्यांच्या वेळा बदलत असतात.

एकच जागा सात दिवस, एकाच वेळी बघणं हा मला सगळ्यात फळणारा सराव वाटतो. तुमचा पीएमपीचा थांबा, सोसायटीचं फाटक, कोपऱ्यावरची टपरी, काहीही. पहिले चार दिवस कंटाळा येतो, पण नेहमीचं काय हे कळल्याशिवाय वेगळं काय हे कळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात येतं की रखवालदार फाटकावरच्या नोंदी येणाऱ्या माणसागणिक लिहीत नाही, तासाभराच्या एकदम लिहितो. शाई सारखी, अक्षर सारखं, वेळा पाच-पाच मिनिटांनी गोल केलेल्या. म्हणजे ज्या नोंदवहीवर तुमचा तपास अधिकारी विसंबणार ती कितपत खरी, हा प्रश्न हातात आला.

पोलिसी आणि वैद्यकीय तपशिलांत नवख्यांच्या कथा सगळ्यात जास्त फसतात, कारण माहितीचा उगम दूरदर्शन मालिका असतो. किमान एवढं पक्कं ठेवा. संशयास्पद मृत्यूची आधी 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते, गुन्हा नंतर दाखल होतो. मधला काळ कथेला सोन्यासारखा, कारण गुन्हेगाराला वाटतं सुटलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाच्या शिक्षेचं कलम १०३. त्याआधी घडलेल्या घटनेला जुन्या दंड संहितेचं ३०२ च. बोलताना मात्र पात्रं अजूनही 'तीनशे दोन' म्हणतील, आणि ते बरोबर आहे. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय ऑगस्ट २०१८ मध्ये वेगळं झालं. हिंजवडीतल्या २०२० च्या खुनाचा तपास पुण्याचे पोलीस आयुक्त करत नाहीत.

मरणोत्तर पंचनाम्याला परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ मध्ये. हौशी गुप्तहेर घटनास्थळी कसा पोहोचतो हा या प्रकारातला जुनाट प्रश्न. लेखक बिचारे त्याला फौजदाराचा मित्र करतात. इथे कायदाच त्याला खोलीत नेतो. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका पंच म्हणून येतात, वस्तूंची यादी वाचूनच सही करतात, शुद्धलेखनाच्या चुका काढतात, आणि यादीत औषधांच्या डब्या दोन लिहिल्यात पण टेबलावर तीन आहेत हे त्यांच्या लक्षात येतं. मराठी मध्यमवर्गीय वस्तीतल्या कथेला याहून सोयीचं दार नाही, आणि ते फार कमी लोक वापरतात.

मृत्यूची वेळ: शरीर ताठरणं साधारण दोन-तीन तासांनी पापण्या-जबड्यापासून सुरू होतं, बारा तासांच्या आसपास सर्वांगात पोहोचतं, मग तितकाच काळ टिकून ओसरू लागतं. उन्हाळ्यात हे सगळं लवकर उरकतं, डिसेंबरात रेंगाळतं. खालच्या बाजूला साकळलेलं रक्त सहा ते बारा तासांत पक्कं होतं, त्यानंतर देह हलवला तर खुणा चुकीच्या बाजूला दिसतात. म्हणून डॉक्टर 'रात्री ९.४० ला मृत्यू' असं कधी म्हणत नाहीत, दोन वेळांमधला पट्टा सांगतात. व्हिसेऱ्याचा, म्हणजे मृताच्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल प्रयोगशाळेतून यायला आठवडे, कधी महिने लागतात. तुमच्या नायकाला तो अहवाल हातात नसतानाच विचार करावा लागणार, हे बरंच आहे. विषाचं नाव आणि मात्रा देऊ नका. कथेला गरज नसते, आणि चूक झाली तर औषधाच्या दुकानातला वाचक पत्र पाठवतो. हेतूबद्दल एक: हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणाऱ्याला मृताची मालमत्ता वारसाहक्कानं मिळत नाही. म्हणजे वारस खून करणार असेल तर त्याला तो अपघात किंवा आजार भासवावाच लागतो, आणि त्या भासवण्यातच तुमचे पुरावे असतात.

कॅमेरे आणि मोबाइल आल्यावर रहस्यकथा मेली असं म्हणणारे बरेच आहेत. मला तसं वाटत नाही. मोबाइलच्या नोंदींवरून फोन कोणत्या टॉवरखाली होता ते कळतं, खिशात कोणाच्या होता ते नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी त्यावरच पुन्हा होतं, अनेक ठिकाणी महिन्याच्या आतच. त्या यंत्राचं घड्याळ लावल्यापासून कोणी पाहिलेलं नसतं. घड्याळ वीस मिनिटं मागे, एवढ्या एका गोष्टीवर निर्दोष माणूस अडकतो आणि दोषी सुटतो. उलगडा करायला चित्रणात दिसणारी, वेळ पक्की असलेली एखादी गोष्ट पुरते, जसे आरतीला जमलेले लोक. हे सगळं नकोच असेल तर काळ मागे न्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत घरांबरोबर कागदपत्रंही गेली. पुरानंतर 'मीच तो' म्हणत परत आलेल्या माणसाची ओळख कशावरून पटवायची, हा प्रश्न कादंबरीला पुरेल. त्या पुराची माहिती मात्र नीट वाचून घ्या, तो पाहिलेली माणसं या शहरात अजून आहेत. त्याच कारणासाठी शहरातल्या गाजलेल्या खऱ्या खुनांना हात लावू नका. नातेवाईक याच रस्त्यांवरून जातात.

विसंगती मिळाली, चौथी ओळ भरली, की पानाचे उभे दोन भाग करा. डावीकडे खरं काय घडलं, तारीख-वेळेसह. उजवीकडे ते वाचकाला कोणत्या रूपात दिसतं. डावा भाग पूर्ण झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका; अर्ध्यात अडकलेल्या कथांचा डावा भाग बहुधा अपुरा असतो, आणि मग लेखक योगायोग आणतो किंवा गुन्हेगाराकडून तीन पानांचा कबुलीजबाब वदवून घेतो. योगायोगानं माणसं अडचणीत आली तर वाचक चालवून घेतो, सुटली तर नाही. 'तो मनोरुग्ण होता' हे उत्तर तर मोजूच नका.

चार-पाच हजार शब्दांत तीन-चार संशयित, तीन खरे पुरावे आणि दोन चकवे एवढं मावतं. मुख्य पुरावा कथेच्या पहिल्या एक-तृतीयांशात दिसलाच पाहिजे. तो यादीत असेल तर मधे ठेवा, सुरुवातीला किंवा शेवटी नको, आणि लगेच पुढे काहीतरी घडू द्या: दूध उतू जातं, फोन येतो. प्रत्येक चकव्याला स्वतःचं खरं स्पष्टीकरण हवं. मुलगा रात्री गुपचूप बाहेर जात होता, तर का? परीक्षेत नापास झाल्याचं घरी सांगितलं नव्हतं, मित्राकडे अभ्यासाला जायचा. असं काही नसेल तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

पहाटेच्या तासाचं मी असं करतो: दहा मिनिटं कालचं वाचायला, दुरुस्ती न करता, चाळीस मिनिटं पुढे, शेवटची दहा उद्याच्या पहिल्या वाक्यापुरता एक प्रश्न लिहून ठेवायला. 'माईंनी किल्ली कोणाजवळ दिली?' असा नेमका. प्रसंग संपवून उठू नका, मधेच उठा. एखाद्या दिवशी अजिबात काही येत नसेल तर कथेतल्या निर्दोष संशयिताची साक्ष त्याच्या तोंडून, एका पानात लिहा. कथेत ती जाणार नाही, पण तो काय लपवतोय ते तिथे बाहेर येतं. तेही जमेना तर वहीतल्या जुन्या नोंदींच्या चौथ्या ओळी भरा. या दोन्हींपैकी काही न करता तास संपला तर संपला. तो भरून काढायला रात्री जागू नका, दुसरी पहाटही जाते.

हे सगळं ऑफिस सांभाळून केलं तर महिन्या-दीड महिन्याला एक कथा होते. दिवाळी अंकाकडे पाठवायची असेल ('नवल', 'धनंजय' या अंकांना या प्रकाराचं वावडं नाही) तर उन्हाळा संपायच्या आत खर्डा तयार हवा; शब्दमर्यादा आणि मुदत त्या त्या अंकाच्या आवाहनात असते. पाठवण्याआधी चार जणांना वाचायला द्या, पण शेवट काढून, दोन-तृतीयांशपर्यंतच. त्यांना कथा आवडली का हे विचारू नका. कोणी केलं असं वाटतं आणि कशावरून, एवढंच लिहून मागा. चौघांनीही खरं नाव लिहिलं तर मुख्य पुरावा फार उघडा आहे, तो आधीच्या पानावर ढकला आणि शेजारी एखादी ठळक वस्तू ठेवा. कोणीच लिहिलं नाही, आणि शेवट वाचूनही 'हे कुठे होतं?' असं विचारलं, तर पुरावा पुरला गेलाय, त्याचा आणखी एक ओझरता उल्लेख हवा. एकानं ओळखलं आणि बाकीच्या तिघांनी शेवट वाचून मागची पानं उलटली, तर कथेला आता हात लावू नका, पाकिटात घाला.